गळ्याचे दुखणे आणि श्वासाची वाट

नगर जिल्ह्यातील दूधउत्पादक शेतकऱ्याला घटसर्प हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गाईम्हशीचे अंग तापले, गळ्याखाली सूज उतरली आणि श्वासाबरोबर घरघर ऐकू येऊ लागली, की तो हातातले काम टाकून पशुवैद्यकाला फोन लावतो. सकाळपर्यंत थांबलो तर जनावर हातचे जाईल, हे त्याने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडाशी गोठ्यातील जनावरांना लस टोचून घेण्याची दक्षता गावोगाव पाळली जाते.

त्याच घरातील एखाद्या प्रौढ माणसाचा गळा सुजला, त्याला थुंकी गिळवेना, आवाज बदलला, तर मात्र घरची मंडळी हळदीचे दूध पुढे करतात, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतात आणि ‘उद्या सकाळी दाखवू’ असे म्हणून दिवा मालवतात. जनावराचा रोग निराळा आणि माणसाचे रोग निराळे, हे खरे. परंतु श्वासाच्या वाटेवर सूज आली आहे, हा त्या घरघरीचा अर्थ दोन्हीकडे एकच असतो. गोठ्यात दाखविली जाणारी तत्परता माजघरात का दाखविली जात नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घसा दुखण्याचे बहुतेक प्रसंग निरुपद्रवी असतात. ते विषाणूंमुळे उद्भवतात, आठवडाभरात आपोआप बरे होतात आणि त्यांना प्रतिजैविकांची गरजही नसते. सर्दी, खोकला, किंचित ताप आणि खवखव एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. या लेखाचा विषय आहे तो थोड्या, पण जीवघेण्या दुखण्यांचा, ज्यांत जंतुसंसर्गामुळे येणारी सूज श्वासमार्गच अरुंद करते. अशी दुखणी लहान मुलांनाच होतात, हा समज चुकीचा आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या व्यक्तींनाही ती होतात.

सोळा पट अडथळा

गळ्यातील सूज इतकी घातक का ठरते, हे थोड्या गणिताने समजते. एखाद्या नळीतून हवा संथपणे वाहत असताना तिची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही. तो सोळा पट होतो. त्यामुळे पहिल्या काही तासांत सूज वाढत असूनही रुग्ण बोलत असतो, चालत असतो, ‘मला काही झालेले नाही’ असे सांगत असतो. नंतरच्या थोड्याशा वाढीने मात्र त्याचा श्वास एकाएकी कोंडू लागतो. चक्रवाढ व्याजाचे कर्ज जसे आरंभी हलके भासते आणि पुढे आवाक्याबाहेर जाते, तशीच ही चाल असते. ‘दुपारपर्यंत तर चांगले होते’ हे नातेवाइकांचे वाक्य अशा प्रसंगी खोटे नसते; आजाराची गतीच तशी असते.

दाढेपासून गळ्यापर्यंत

एक उदाहरण कल्पावे. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी आडतीचे दुकान चालविणारे अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दहा वर्षांपासून मधुमेह आहे. खालच्या जबड्यातील शेवटची दाढ वर्षभरापासून किडलेली आहे. दुखू लागली की ते लवंगेचे तेल लावतात, एखादी वेदनाशामक गोळी घेतात आणि बाजार समितीत लिलावाला जातात. सोमवारी दाढ ठणकली. मंगळवारी हनुवटीखाली सूज दिसली. पत्नी म्हणाली, “अहो, एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून तरी या.” त्यांचे उत्तर ठरलेले होते, “सीझन चालू आहे. रविवारी जाऊ.” बुधवारी सायंकाळी सूज हनुवटीच्या दोन्ही बाजूंना पसरली, हाताला लाकडासारखी कठीण लागू लागली, जीभ वर उचलली गेली आणि तोंडातून लाळ गळू लागली.

या आजाराचे वर्णन जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये केले, म्हणून तो लुडविग अँजायना या नावाने ओळखला जातो. नावात अँजायना असले तरी त्याचा हृदयाशी संबंध नाही. खालच्या जबड्यातील मागच्या दाढांची मुळे फार खोल गेलेली असतात. तेथील पू जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या मोकळ्या कप्प्यांत उतरतो. तेथे सूज आली की जिभेला वर आणि मागे सरकण्यावाचून जागा उरत नाही, आणि मागे सरकलेली जीभ श्वासाची वाट अडविते. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी या आजाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत असत. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, १९४० नंतर ते वापरात आले आणि श्वासमार्ग सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतीही सुधारल्या. आज वेळेवर उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण बरे होतात. ‘वेळेवर’ हा त्यातील महत्त्वाचा शब्द आहे.

येथे एक धोक्याची समजूत दूर केली पाहिजे. ठणकणारी दाढ आपोआप शांत झाली म्हणजे ती बरी झाली, असे नसते. पुष्कळदा दाढेतील नस मेलेली असते आणि जंतू मुळाशी निवांत वाढत असतात.

आणखी काही रूपे

टॉन्सिलच्या शेजारी पू साचणे हे दुसरे रूप होय. घसा एका बाजूला अधिक दुखतो, त्याच बाजूच्या कानात कळ जाते, तोंड पुरते उघडत नाही आणि तोंडात गरम बटाटा धरून बोलावे तसा आवाज येतो. सुईने किंवा छोट्या छेदाने पू काढून टाकला की रुग्णाला लवकर आराम पडतो. केवळ गोळ्यांवर दिवस काढले, तर तो पू खोलवर उतरण्याचा धोका असतो.

तिसरे रूप सर्वांत फसवे आहे. जिभेच्या मुळाशी, श्वासनलिकेच्या दारावर एक पानासारखी पातळ झडप असते. तिला कंठच्छद किंवा एपिग्लॉटिस म्हणतात. ही झडप सुजली की गिळताना असह्य वेदना होतात; पण तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले तर घसा जवळजवळ स्वच्छ दिसतो. ‘काही दिसत नाही, थोडी लाली आहे’ असे म्हणून रुग्णाला घरी पाठविले जाण्याची शक्यता येथे असते. वेदना पुष्कळ आणि दिसते थोडे, ही विसंगतीच या आजाराची खूण मानली जाते. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून ती सूज पाहतात. पूर्वी हा आजार मुख्यतः मुलांचा समजला जाई. हिब या जंतूवरील लस मुलांना मिळू लागल्यापासून मुलांमधील प्रमाण घटले. ज्या देशांत ही लस दीर्घकाळ दिली जात आहे, तेथे आता मुलांपेक्षा प्रौढ रुग्णच अधिक आढळतात. आपल्या देशात पंचगुणी लसीतून हिबचे संरक्षण २०११ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने दिले जाऊ लागले. आजच्या प्रौढांना मात्र ती लस बालपणी मिळालेली नाही.

घशाच्या मागच्या किंवा बाजूच्या खोल कप्प्यात पू होणे हे चौथे रूप. मान ताठ होते, वळविता येत नाही, ताप चढतो आणि वेळेवर निचरा झाला नाही तर पू मानेतून छातीच्या पोकळीत उतरतो. पाचवे रूप माणसाचा घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया. यात घशात करडा पडदा धरतो आणि मान बैलाच्या मानेसारखी सुजते. त्यावर केवळ प्रतिजैविक पुरत नाही. विषावर उतारा असलेले अँटिटॉक्सिन रुग्णालयात द्यावे लागते.

या यादीत एक वेगळी नोंद हवी. ताप नसताना ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला, तर ती औषधाची किंवा अन्नाची ॲलर्जी असू शकते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येते, अशा रक्तदाबावरील काही गोळ्यांमुळेही अशी सूज येते, आणि ती गोळी कित्येक महिने सुरळीत चालू असतानाही येऊ शकते. हा संसर्ग नव्हे. पण घाई तेवढीच करावी लागते.

वॉशिंग्टन यांचा अखेरचा दिवस

या आजाराने पदाचा किंवा संपत्तीचा मुलाहिजा कधी राखला नाही. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन निवृत्तीनंतर माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतीवाडीवर राहत होते. १२ डिसेंबर १७९९ रोजी बर्फ आणि पाऊस पडत असताना ते घोड्यावरून शेताची पाहणी करीत हिंडले. दुसऱ्या दिवशी घसा दुखू लागला, आवाज बसला. औषध घेण्याची सूचना झाली, ती त्यांनी टाळली. १४ तारखेच्या पहाटे ते जागे झाले ते श्वास कोंडल्यामुळेच. काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण त्यांना पाजण्याचा प्रयत्न झाला. त्यांना एक घोटही गिळता आला नाही, उलट ते गुदमरले. त्या काळच्या रीतीप्रमाणे दिवसभरात त्यांचे दोन लिटरांहून अधिक रक्त काढण्यात आले. उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांपैकी वयाने सर्वांत लहान असलेले डॉ. एलिशा डिक यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून वाट मोकळी करण्याचे सुचविले. ज्येष्ठांना ते साहस वाटले. त्याच रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, वयाच्या ६७ व्या वर्षी, वॉशिंग्टन यांचे निधन झाले. त्यांना कंठच्छदाची तीव्र सूज असावी, असे आजचे अनेक तज्ज्ञ मानतात.

या हकिकतीत आजच्या घरांनाही ओळखीचे वाटेल असे पुष्कळ आहे. पहिल्या दिवशीची टाळाटाळ तीच, गिळता न येणाऱ्या माणसाला काढा पाजण्याचा आग्रहही तोच. आणि शेवटी, वाट मोकळी करण्याचा मार्ग समोर असताना कोणी त्याला होकार दिला नाही. त्या काळी ती शस्त्रक्रिया खरोखरच दुर्मीळ आणि जोखमीची होती. आज ती स्थिती राहिलेली नाही.

खुणा ओळखाव्यात

पुढील खुणांपैकी एकही घसादुखीसोबत दिसली, तर तो प्रसंग सकाळपर्यंत थांबण्याचा नाही. स्वतःची थुंकी गिळता न येणे व लाळ गळणे. आवाज दबका, घोगरा किंवा कोंडलेला होणे. तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडणे. हनुवटीखाली किंवा मानेवर पसरणारी, कठीण सूज. जीभ वर उचलली जाणे. मान ताठ होणे. आडवे होताच जीव घाबरा होणे आणि पुढे वाकून बसल्यावरच बरे वाटणे. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येणे. यांतील शेवटच्या दोन खुणा म्हणजे हाती फार थोडा वेळ उरल्याचे चिन्ह होय. ओठ निळसर पडण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर झाल्याची खात्री करून घेणे होय. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसतो आहे, यावरही विसंबू नये. अशा आजारात तो आकडा अगदी अखेरीस घसरतो.

घरातील तास

पुन्हा त्या आडत व्यापाऱ्यांकडे वळू. बुधवारी रात्री नऊ वाजता त्यांना पलंगावर झोपवण्याचा प्रयत्न झाला आणि ते धडपडून उठून बसले. शेजारच्या काकांनी चमच्याने जीभ दाबून घसा पाहण्याचे सुचविले. वहिनींनी सुजेवर गरम लेप आणला. कपाटात मागच्या आजारातील चार गोळ्या शिल्लक होत्या. यांपैकी प्रत्येक गोष्ट प्रेमापोटी सुचलेली होती आणि प्रत्येक गोष्ट घातक होती.

अशा रुग्णाला आडवे करू नये. जी स्थिती त्याला बरी वाटते, ती त्याच्या शरीराने शोधलेली सुरक्षित स्थिती असते. बसूनच राहू द्यावे. घशात चमचा, बोट किंवा बॅटरी घालून तपासू नये. सुजलेल्या भागाला धक्का लागला तर उरलीसुरली वाटही बंद होऊ शकते. मध, काढा, तूप किंवा पाणी बळेच पाजू नये. सुजेवर शेक, लेप किंवा चोळणे नको. उरलेल्या गोळ्यांचा प्रयोग करू नये. आणि दोन माणसांच्या मध्ये रुग्णाला बसवून दुचाकीवरून नेऊ नये. वाटेत श्वास अडला तर काहीच करता येत नाही.

करावयाचे ते एवढेच. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि ‘गळ्याला सूज आहे, श्वास घेताना त्रास होतो आहे’ हे आरंभीच सांगावे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. गाडी येईपर्यंत दुसऱ्याने रुग्णालयाला फोन करून कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध आहेत काय, हे विचारावे. चालू औषधांची चिठ्ठी, ॲलर्जीची माहिती, मधुमेहाचा शेवटचा अहवाल आणि शेवटचे खाणे केव्हा झाले याची नोंद सोबत घ्यावी.

हा शेवटचा फोन क्षुल्लक वाटेल, परंतु या जिल्ह्यात त्याचे मोल फार आहे. चौदा तालुक्यांचा अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले-संगमनेरच्या माणसाला लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय किंवा नाशिक जवळ पडते, तर जामखेड-पाथर्डीच्या माणसाला नगर शहर गाठावे लागते. शहरात जिल्हा रुग्णालय आहे, विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि याच जिल्ह्यात चिचोंडी येथे जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने जैन सोशल फेडरेशनने उभारलेले रुग्णालयही आहे. पण रात्री अकरा वाजता कोठे कोण हजर आहे, हे फोन केल्यावाचून कळत नाही. एका दारातून दुसऱ्या दारी पाठविले जाण्यात जो तास जातो, तो अशा रुग्णाला परवडणारा नसतो.

दोन किल्ल्या आणि एक सही

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात. अशा रुग्णाच्या बाबतीतही तसेच आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघे एकत्र असावे लागतात, आणि शस्त्रक्रियागृह सज्ज असावे लागते. प्रथम रुग्णाला बसलेल्या स्थितीतच ऑक्सिजन दिला जातो, शिरेतून प्रतिजैविके सुरू होतात, रक्तातील साखर तपासून आटोक्यात आणली जाते. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड आणि वाफेतून ॲड्रिनलिन देण्याचीही पद्धत आहे. त्याने थोडा अवधी मिळतो, मूळ प्रश्न सुटत नाही. पू असेल तर निचरा करावा लागतो आणि दोषी दाढ काढावी लागते.

सीटी स्कॅनने पू कोठवर गेला आहे हे उत्तम कळते. पण त्यासाठी रुग्णाला आडवे झोपवावे लागते. म्हणून ज्याचा श्वास धोक्यात आहे, त्याची वाट आधी सुरक्षित केली जाते आणि तपासणी नंतर होते. ‘आधी स्कॅन का करीत नाही?’ असा वाद नातेवाइकांनी घालू नये, त्याचे कारण हे आहे.

प्रत्येकाला नळी लागतेच असे नाही. कंठच्छदाची सूज असलेल्या पुष्कळ प्रौढांना अतिदक्षता विभागात देखरेखीखाली ठेवून औषधांनीच बरे करता येते. ज्यांना नळी लागते, त्यांना शक्य असल्यास जागेपणीच, भाग बधिर करून, नाकावाटे दुर्बिणीच्या साहाय्याने ती घातली जाते. गुटखा किंवा सुपारीच्या सवयीमुळे ज्यांचे तोंड आधीच कमी उघडते, त्यांच्याबाबत हे काम अधिकच अवघड होते. आणि जेव्हा वरून वाट सापडत नाही, तेव्हा गळ्याच्या पुढील बाजूस लहानसा छेद घेऊन श्वासनलिकेत थेट नळी बसवावी लागते. तिलाच ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात.

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास व्यापाऱ्यांच्या मुलासमोर संमतीपत्र आले. त्याने ते वाचले आणि त्याचा हात थांबला. “गळा कापणार म्हणता डॉक्टर? पप्पांचा आवाज कायमचा जाईल ना?” गावाकडून मामांचा फोन आला, “सही करू नकोस, सकाळी पुण्याला नेऊ.” नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर आहे. श्वासाची वाट अरुंद झालेल्या माणसाला ती सुरक्षित केल्यावाचून एवढ्या प्रवासाला नेणे, म्हणजे वाटेतच काय घडेल ते दैवावर सोडणे होय.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. संसर्गासाठी केलेली ही शस्त्रक्रिया बहुधा तात्पुरती असते. नळी असेपर्यंत हवा स्वरयंत्रातून जात नाही, म्हणून बोलता येत नाही. सूज उतरल्यावर नळी काढली की आवाज परत येतो आणि छिद्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत भरून येते. गळ्यावर लहानसा व्रण राहतो. शस्त्रक्रियेला जोखीम नाही असे नाही; परंतु ती न करण्याची जोखीम कितीतरी मोठी असते. दुसरे मत घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र तो हक्क बजावण्याची वेळ श्वास कोंडलेला असताना नसते. वाट सुरक्षित झाल्यावर हवे तेथे नेता येते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी, पण ती एका नातेवाइकाने खिडकीवर करावी. उपचार तिच्यासाठी अडू नयेत.

मुलाने डॉक्टरांना आणखी एकच प्रश्न विचारला, “तुमच्या वडिलांसाठी काय केले असते?” उत्तर ऐकून त्याने सही केली.

तपश्चर्या आणि औषध

चातुर्मासात आपल्या घरांमध्ये उपवास, आयंबिल, अठ्ठाई अशी तपे होतात. त्या काळात शरीरातील पाणी कमी होते, तोंड कोरडे पडते, लाळेचे संरक्षण घटते आणि किडलेल्या दाढेला ते मानवत नाही. मधुमेही व्यक्तीने तप आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि दाताचे दुखणे असेल तर ते पर्युषणापूर्वीच निकाली काढावे.

चौविहार पाळणाऱ्यांपुढे एक व्यावहारिक अडचण असते. दर आठ तासांनी घ्यावयाच्या प्रतिजैविकाचा रात्रीचा डोस ते गाळतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. संसर्गावर औषध अपुरे पडण्यास तेवढे कारण पुरेसे होते. आपला नियम संकोच न करता डॉक्टरांना सांगावा. पुष्कळदा दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याचे पर्यायी औषध देता येते. जेथे जीवावरचा प्रसंग आहे, तेथे पच्चक्खाणाच्या पाठातच समाधी टिकविण्यासाठी आगार ठेवलेला आहे, हे साधू-साध्वीजींना विचारले असता तेही सांगतील. आजारी माणसाने लपवून सोसलेल्या वेदनेला तपाचे नाव देऊ नये.

आधीची तयारी

या आजारांपैकी पुष्कळ टाळता येतात. सहा महिन्यांतून एकदा दातांची तपासणी, किडलेल्या दाढेवर वेळेवर उपचार, साखरेवर नियंत्रण, तंबाखू, मिश्री आणि गुटख्याला कायमची रजा, यांतच बरेचसे काम होते. घटसर्प आणि धनुर्वात यांवरील टीडी लस १० आणि १६ वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमात मिळते. प्रौढांनीही बूस्टर डोसविषयी डॉक्टरांना विचारावे.

उरते ते ओळखण्याचे काम. याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर स्त्रियांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आजाराच्या धोक्याच्या खुणा ओळखून योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे या स्त्रियांना उत्तम साधले, आणि जगभरातून लोक ते पाहण्यास आले. जे शिक्षण गावच्या माउलींना घेता आले, ते प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला घेता येण्यास काहीच हरकत नाही.

उदाहरणातील ते व्यापारी नवव्या दिवशी नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात प्रथम पत्नीशी बोलले, “रविवारी जाऊ म्हणालो होतो, नाही का?” हे कल्पित उदाहरण होते, म्हणून त्याचा शेवट असा करता आला. प्रत्यक्षात हा शेवट घडवून आणण्यासाठी दिनदर्शिकेच्या मागे एक कागद चिकटवून ठेवावा. त्यावर १०८ हा क्रमांक, रात्री कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळतील अशा दोन रुग्णालयांचे क्रमांक, घरातील प्रत्येकाची औषधे आणि ॲलर्जी, आणि संमतीपत्रावर सही कोण करील त्याचे नाव लिहावे. हा कागद तयार करण्यास अर्धा तास लागतो. या रविवारी तो लिहून काढावा, आणि कोणाची दाढ दुखत असेल तर सोमवारी सकाळी दवाखान्याची वेळ घ्यावी.